दाबून धर, मी मागे बघतो

"दाबलंस?"

"दाबलं."

"लागत नाहीये."

"मी दाबलंय."

"मग जरा जोरात दाब."

"जोरात दाबलं की जास्त लागतो का तो?"

मोटारीचा ब्रेक पुढे बसून दाबायचा असतो आणि ब्रेकचा दिवा मागे लागतो. म्हणजे दाबणाऱ्याला तो जन्मात दिसत नाही, आणि ज्याला दिसतो त्याच्या हातात, खरं तर पायात, काहीच नसतं. ही व्यवस्था ज्याने काढली तो माणूस बिनलग्नाचा असणार. एकाने दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं आणि दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा, असलं काम नवरा-बायकोला देऊ नये, एवढं साधं त्याला कळलं नाही.

आम्ही जागा बदलल्या. मी दाबलं, बायको मागे गेली.

"लागला?"

गप्प.

"अगं, लागला का?"

"थांबा, चष्मा आणते."

दिवा लागत नाही हा शोध आम्हा दोघांपैकी कुणाचाच नव्हता. तो वरच्या काकांचा. वरचे काका म्हणजे आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारे, निवृत्त, स्वतःच्या बाल्कनीचे तहहयात सभासद. त्यांनी मला जिन्यात अडवलं आणि एखाद्याच्या तब्येतीबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाले, "तुझा मागचा दिवा गेलाय रे."

"कधी?"

"झाला की महिना."

"मग सांगायचं नाही का, काका?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल. म्हटलं, उगाच कशाला जखमेवर मीठ."

मी विमा कंपनीत आहे, मोटार अपघातांच्या दाव्यांवर. इतरांना रस्त्यात रस्ता दिसतो, मला अजून न आलेले अर्ज दिसतात. माझ्या टेबलावरचा सगळ्यांत उंच गठ्ठा 'मागून धडक' हा आहे, आणि त्यातल्या प्रत्येक अर्जात एक वाक्य ठरलेलं: 'पुढची गाडी अचानक थांबली.' गाड्या अचानक थांबत नाहीत हो. थांबताना त्या मागे लाल दिवा लावून तसं सांगतात. ज्या न सांगता थांबतात त्या माझ्या टेबलावर येऊन थांबतात. आणि महिनाभर मी स्वतः न सांगता थांबत होतो! या महिन्यात एकंदर किती वेळा ब्रेक मारला असेल, याचा मी मनाशी अंदाज घ्यायला लागलो, तेव्हा बायकोने माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला. तो सांडत होता.

पण माझं सोडा. खरा प्रश्न मुलीचा होता.

मुलगी फिजिओथेरपिस्ट झाली. एका रुग्णालयाने तिला घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवायचं काम दिलं, त्यासाठी रुग्णालयाची छोटी गाडी दिली, आणि अट एकच घातली: सोमवारी रुजू होताना वाहन परवाना दाखवायचा. परवान्याची परीक्षा शुक्रवारी. शुक्रवार हुकला तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, आणि त्या जागेसाठी तिच्यामागे आणखी एकजण उभा होता, ज्याच्याकडे परवाना आधीच होता. परीक्षा द्यायची ती आपापल्या गाडीवर. म्हणजे आमच्या. म्हणजे बिनदिव्याच्या.

"बाबा, एवढं काही नाही त्यात," मुलगी म्हणाली. "दिवा नसला तर खिडकीतून हात काढून इशारा द्यायचा. पुस्तकात आहे."

"हात? बाहेर? बाहेर काढलेल्या हातांचं आमच्याकडे वेगळं कपाट आहे!"

मग मी जाहीर केलं की दिवा मी स्वतः दुरुस्त करणार.  बायकोने उठून पलंगाखालची प्रथमोपचाराची पेटी वर, हाताशी येईल अशी ठेवली.

*

बल्बांपासून सुरुवात केली. आमच्या गाडीचे मागचे दिवे डिकीच्या दरवाजातच बसवलेले आहेत. डिकी उघडली, आतलं प्लॅस्टिकचं झाकण काढलं (त्याच्या चार खुंट्यांपैकी दोन तुटल्या, त्या तशाही तुटणारच होत्या), जुने बल्ब काढले, नवे बसवले. बायकोने दाबलं.

लागले! दोन्ही! लालभडक!

मी जुने बल्ब तळहातावर घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवले. डॉक्टर काढलेला खडा दाखवतात तसे. वरच्या काकांनी बाल्कनीतून मान डोलावली. डिकी लावली, हात धुतले आणि त्या संध्याकाळी जरा ऐटीतच जेवलो.

सकाळी वरून काकांची हाक आली, "गेला रे!"

आवाजच असा होता की आजूबाजूची चार माणसं चपला न घालता बाहेर आली. कोण गेलं ते कळल्यावर त्यांना हायसं वाटलं, मला नाही. पण आलीच होती म्हणून ती थांबली आणि सल्ले द्यायला लागली. ब्रेकच्या दिव्याच्या बाबतीत एक गोष्ट मी पाहिली. मागे उभं राहून बघायला सगळे तयार असतात, पुढे बसून दाबायला कुणीही नाही. दाबणं हे कष्टाचं काम, बघणं हे तज्ज्ञाचं. त्यामुळे मी एकटा आत बसून दाबत होतो आणि मागे परिषद भरली होती.

"अर्थिंग असणार."

"अर्थिंगच."

"काय, लागलाय का?" मी ओरडलो.

"तू दाबून धर. आम्ही बोलतोय."

अर्थिंग म्हणजे काय ते त्यांच्यापैकी कुणालाच सांगता येत नव्हतं, पण सगळ्यांचं एकमत होतं. काकांचं मत जरा वेगळं. त्यांच्या मते, दोष दिव्यात नव्हताच, माझ्या ब्रेक मारण्यात होता. "तू घाबरून मारतोस. त्याला कळतं." कुणाला? गाडीला. "यंत्राला माणूस कळतो."

मग फ्यूज.

फ्यूजबद्दल नीट, सविस्तर सांगायचं माझ्या मनात होतं. पण ते सांगायला बसलं की माझा हात कपाळाकडे जातो. त्यापेक्षा आमच्या कचेरीच्या भाषेत सांगून मोकळा होतो, त्या भाषेत दुखत नाही:

घटनेचे वर्णन (थोडक्यात): सदर इसम पुढील आसनासमोर पाठीवर झोपलेला असून त्याचे पाय गाडीबाहेर होते. फ्यूजची पेटी चाचपीत असता त्याच्या हातातील स्क्रूड्रायव्हर नको तेथे लागला. ठिणगी उडाली. इसमाने दचकून डोके वर केले. वर स्टिअरिंग होते.

नुकसान: एक फ्यूज, एक कपाळ.

साक्षीदार: पुष्कळ.

फ्यूज उडाल्यावर आणखी एक ज्ञान झालं, की आमच्या गाडीत ब्रेकचा दिवा आणि हॉर्न एकाच फ्यूजवर चालतात. आता दिवाही नव्हता आणि हॉर्नही. म्हणजे मी न सांगता थांबणार होतो आणि न सांगता येणार होतो. नवा फ्यूज घातल्यावर हॉर्न परत आला. दिवा नाही.

दुसऱ्यांच्या भरवशावर राहायचं नाही असं ठरवून मी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानासमोर गाडी उलटी नेऊन लावली. त्याच्या काचेच्या दारात आपलीच पाठ दिसते. ब्रेक दाबायचा, आरशात बघायचं. दाबलं, बघितलं. काळोख. पुन्हा दाबलं. पुन्हा काळोख, आणि काळोखात दुकानदार. तो दार उघडून बाहेर आला.

"काय हवंय?"

"काही नको. दिवा बघतोय."

"कुणाचा?"

"माझा."

त्याने माझ्या कपाळावरची पट्टी बघितली. मग फार सावकाश, समजुतीने म्हणाला, "घरी कुणी आहे का? फोन लावू?"

मी डोकेदुखीचा मलम घेऊन परतलो. गरज होतीच.

*

गॅरेजवाल्याने आधी गाडीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"कुणी हात लावलाय का याला, साहेब?"

"नाही."

त्याने डिकी उघडली. "मग या खुंट्या?"

"त्या… घरातल्याच कुणीतरी."

"दाबा."

मी दाबलं.

"लागतोय की."

"नाही लागत."

"अहो लागतोय, या इकडे, बघा."

"मी आलो तर दाबणार कोण?"

शेवटी तो आत बसला आणि मी मागे उभा राहिलो. उघड्या डिकीच्या दरवाजात दोन्ही दिवे पेटले होते, तुकतुकीत, निरागस. माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले असते तरी मला नवल वाटलं नसतं. डॉक्टरच्या पायरीवर पाय ठेवला की पोराचा ताप उतरतो, दाढ दुखायची थांबते. पण पोराला कळतं, तो डॉक्टर आहे. या डबड्याला काय कळत होतं?

गॅरेजवाल्याने डिकी धाडकन लावली. "काही नाही झालेलं. घेऊन जा."

घराच्या वळणावर काका वरून हात हलवत होते. नाही. नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पुन्हा डिकी उघडली, पुन्हा लागला. तिसऱ्या खेपेला गॅरेजवाल्याने हातातलं काम बाजूला ठेवलं, मला खुर्ची दिली, स्वतःचा चहा दिला आणि म्हणाला, "साहेब, बाकी घरी सगळं ठीक आहे ना?" लोक आपल्याशी चांगलं वागायला लागले की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलंय.

"मी खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

"नाही हो. कोण म्हणतंय?"

तो गुरुवार होता.

*

शुक्रवार. परवाना कार्यालयाचं आवार. फाटकावर पाटी: 'परीक्षेदरम्यान उमेदवारास अन्य व्यक्तीने सूचना दिल्यास उमेदवार नापास.' ही पाटी बायकोने मला मोठ्याने वाचून दाखवली. मग बोट ठेवून पुन्हा वाचली.

रांगेत आमच्या पुढे एकच गाडी होती. मुलगी कागद घेऊन खिडकीपाशी गेली होती. मी चालकाच्या जागी बसून, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, ब्रेक दाबून बसलो होतो. आठवडाभरात पायाला सवयच लागली होती. बायकोने हातातली पिशवी ठेवायला डिकी उघडली.

"अहो, लागला!"

मी हललो नाही. या वाक्याने मला फार फसवलं होतं.

तिने डिकी लावली. "गेला."

उघडली. "लागला."

लावली. "गेला. अहो, हा डिकी उघडली की लागतो!"

मी ब्रेकवर पाय तसाच ठेवून स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. पट्टीच्याच जागी. आठवडाभर ज्याला ज्याला दिवा दुरुस्त करायचा होता, त्याने सगळ्यांत आधी काय केलं होतं? डिकी उघडली होती. मी, गॅरेजवाला, सगळ्यांनी. आणि लागतो म्हणून खात्री झाल्यावर काय केलं? लावली होती. डिकीच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून ज्या वायरी दरवाजात जातात, त्यांतली एक रोजच्या उघडझापीने आतल्या आत तुटली होती. दार वर गेलं की तिची टोकं भेटत, खाली आलं की ताटातूट. आयुष्यभर मी लोकांना अर्जावर लिहून देतो, 'प्रत्यक्ष स्थिती तपासावी.'

तेव्हा मी थांबायला हवं होतं.

मी रबरी नळी ओढली.

वायर पूर्ण तुटली. दोन टोकं बाहेर आली, एक इकडे, एक तिकडे, मध्ये बोटभर अंतर. आता दिवा डिकी लावलेली असतानाही लागत नव्हता आणि उघडी असतानाही.

"आधी निदान उघडी असताना तरी लागत होता," बायको म्हणाली.

"तुझ्याकडे वायर आहे?"

"मी पर्समध्ये वायर घेऊन फिरते?"

तिच्या केसांत आकडा होता. तो काढला. दोन टोकांवर आडवा ठेवला, रुमालाने धरला, ती पुढे जाऊन दाबून आली. लागला. हात काढला, आकडा पडला. गुंडाळून बघितला, पडला. अडकवून बघितला, पडला. म्हणजे तो कुणीतरी धरून बसायला हवा होता. पुढची गाडी मैदानात निघून गेली. आता आमचा नंबर.

"मी धरतो," मी म्हणालो. "आत बसून."

"कुठे आत?"

मी बोट दाखवलं.

बायकोने डिकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला यात घालून झाकण लावावं असं माझ्या मनात पूर्वी एक-दोनदा आलंय," ती म्हणाली, "पण कारण वेगळं होतं."

"तिला सांग, की मी आहे. म्हणावं, दिवा लागणार, हात बाहेर काढू नको."

मी शिरलो. गुडघे हनुवटीला लागले. वायरींची टोकं खाली ओढून घेतली, डिकीवरची आडवी फळी बसवली, दार लागलं आणि अंधार झाला. ती फळी आमच्या गाडीत आहे हे मला कळलं होतं तेव्हापासून तिचा उपयोग काय, हा प्रश्न मला पडलेला होता. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "गाडीचे मालक कोण? सही राहिलीय!"

गाडी बायकोच्या नावावर आहे. तिची पावलं धावत लांब गेली.

आणि दुसरी दोन माणसं येऊन गाडीत बसली.

*

अंधार. रबराचा वास. बरगडीखाली काहीतरी टोकदार.

"हॉर्न." परीक्षकांचा आवाज, कोरडा, नाकातून.

हॉर्न वाजला.

"ब्रेकचा दिवा?"

आत्ता! मी आकडा टोकांवर घट्ट दाबला.

"तो लागत नाहीये, सर," मुलगी म्हणाली. "वायरिंगमध्ये दोष आहे, गॅरेजला सापडला नाही. मी हाताने इशारा देईन. पुस्तकात आहे तसं."

कागद चाळल्याचा आवाज.

"आहे," परीक्षक म्हणाले. "द्या."

द्या! एवढंच! न तक्रार, न कपाळाला आठी. म्हणजे आठी मला दिसत नव्हती, पण आवाजात नव्हती. जे मी आठवडाभर, कपाळ फोडून, पाठ मोडून, अब्रू घालवून साधायला बघत होतो, ते तिने एका वाक्यात खरं सांगून मिटवलं होतं. आणि मी डिकीत होतो.

बाहेर पडावं? दार आतून उघडत नाही. बोलावं? पाटी. गप्प पडून राहावं, हे ठीक, पण हातातल्या वायरींचं काय? त्या जुळल्या तर दिवा लागणार, म्हणजे मुलगी खोटारडी. सोडून दिल्या आणि उघडं टोक पत्र्याला लागलं, तर फ्यूज जाणार, फ्यूज गेला की हॉर्न जाणार, आणि हॉर्न पुन्हा विचारला तर? ज्या दोन वायरी जोडायला मी इथे शिरलो होतो, त्या आता एकमेकींपासून लांब धरून ठेवायच्या होत्या. एक या मुठीत, एक त्या. मधे माझी हनुवटी.

गाडी निघाली.

डावं वळण. मी उजवीकडे.

उजवं वळण. मी डावीकडे. ती टोकदार वस्तू माझ्याबरोबर.

"आठचा आकडा काढा."

आठचा आकडा मी याआधी कागदावरच काढला होता. तो आतून असा असतो हे ठाऊक नव्हतं.

चढ. थांबली. चढावर थांबून पुन्हा निघायचं असतं. आता गाडी मागे येणार, मला माहीत आहे, चढावरून मागे आलेल्यांचा गठ्ठा खिडकीजवळ असतो. आली नाही. बोटभरही आली नाही. क्लच इतका हळू सोडला की मला वाटलं, अजून उभीच आहे, आणि आम्ही तर वर पोचलो होतो.

खिडकीची काच खाली जाण्याचा आवाज. ती हात बाहेर काढत होती. मी डोळे मिटले. अंधारातच होतो, तरी मिटले.

"थांबा! एकदम थांबा!" परीक्षक.

गाडी थांबली. मी थांबलो नाही. मागच्या सीटच्या पाठीवर डोकं आपटलं, तीच जागा, तीच पट्टी. तोंडातून आवाज निघायच्या आत मी रुमाल दातांत धरला.

"मागे काही सैल आहे का?"

"घरचं सामान आहे, सर. आई काय काय ठेवते."

खरंच तिला माहीत नव्हतं.

मग ते आलं.

"मागे दोन पिंपं आहेत ना, त्यांच्यामधून रिव्हर्स. मागे भिंत. भिंतीच्या जेवढं जवळ नेता येईल तेवढं न्यायचं. लागली की नापास."

मागे घेतानाच्या अपघातांचे अर्ज मी शेकड्यांनी वाचलेत. त्यांतही एक वाक्य ठरलेलं असतं: 'मागे भिंत असल्याचे ध्यानात आले नाही.' पण त्या अर्जांत भिंत आणि गाडी यांच्यामध्ये कुणी अधिकारी झोपलेला नसायचा. माझ्या पाठीच्या कण्यामागे पातळ पत्रा, पत्र्यामागे मीच बसवलेले दोन नवे बल्ब, आणि त्यांच्यामागे भिंत. ती किती लांब, मला दिसत नव्हतं. तिला दिसत होतं का?

गाडी मागे यायला लागली.

हळू.

आणखी.

तिच्या शेजारी बसून मी तिला महिनोन् महिने गाडी शिकवली. शिकवली म्हणजे एकच शब्द म्हणत होतो, सतत, दर खांबाला, दर कुत्र्याला, कधी कधी सरळ रिकाम्या रस्त्यालाही. तो शब्द आत्ता माझ्या जिभेवर येऊन उभा होता. रुमालाच्या मागे. ब्रे… एवढं म्हटलं की पुरे, ती थांबली असती, पायाला सवय होती. आणि नापास झाली असती, आणि तो दुसरा परवानावाला सोमवारी तिच्या गाडीत बसला असता.

आणखी मागे.

आता थांब. आता. नाही थांबली. बाहेरचा आवाज बदलला, भिंत जवळ आली की इंजिनाचा आवाज आपल्याच कानात परत येतो, तसा. मी पोट आत ओढलं. त्याने काय होणार होतं, देव जाणे. रुमाल चावला. मुठी आवळल्या. ती अजून मागे घेत होती, मला वाटत होतं त्याच्या कितीतरी पुढे जाऊन, म्हणजे मागे येऊन, अजून, अजून जरा.

थांबली.

हँडब्रेकची कर्रर्र.



"हं," परीक्षक म्हणाले. "जरा पुढे घ्या, म्हणजे डिकी उघडता येईल. रस्त्यावर ठेवायचा धोक्याचा त्रिकोण बघायचाय."

*

उजेड. उजेडात दोन चेहरे. मुलीचा चेहरा मी तिच्या जन्मापासून बघतोय, पण असा कधी बघितला नव्हता.

परीक्षकांनी चष्मा वर सरकवला. "हे काय आहे?"

"बाबा," मुलगी म्हणाली.

"त्रिकोण आहे?"

"आहे," मी रुमाल काढून म्हणालो. "माझ्या खाली."

"परीक्षेच्या वेळी गाडीत दुसरी व्यक्ती बसलेली चालत नाही."

"मी बसलेलो नाही, सर. आडवा आहे."

तेवढ्यात बायको धापा टाकत आली. "सही जुळत नव्हती म्हणे! मी सांगायला येणारच होते… सर, हे तिला काही सांगायला नव्हते बसले. नुसती वायर धरायला."

परीक्षकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते फार विचार करणारे गृहस्थ असावेत, कारण मागे ओळीत उभ्या असलेल्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तरी त्यांचा विचार मोडला नाही. शेवटी म्हणाले, "नियमात सूचना देण्याला बंदी आहे. यांनी सूचना दिली का?"

"हे?" बायको म्हणाली. "दिली असणार."

"आई!"

"मी गाडीत होतो. मी ऐकली नाही," परीक्षक म्हणाले. मग मुलीकडे वळले. "तुम्ही?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. "तुम्ही आत होतात? सगळा वेळ? मी भिंतीला लावत होते तेव्हासुद्धा?"

मी मान हलवली. तेवढीच हलत होती.

"आणि काही बोलला नाहीत?"

परीक्षकांनी कागदावर सही केली, शिक्का मारला आणि कागद तिच्या हातात दिला. "पास. आता हे उचला, मागे लोक खोळंबलेत."

उचला म्हणायला सोपं. मी उठेना. पाय कुठे संपतात आणि पाठ कुठे सुरू होते, हेच समजेना. बायको एका बाजूने ओढायला लागली, तशी मुलगी म्हणाली, "आई, थांब. हात लावू नकोस." आणि कागद दातांत धरून ती माझ्यापाशी वाकली. "बाबा, आधी हा गुडघा. नाही, तो नाही. श्वास सोडा. आता मान माझ्याकडे." मैदानातले सगळे उमेदवार जमले होते. ती कुणाकडेही बघत नव्हती. मला माझ्याच मुलीच्या हातांची माहिती नव्हती, किती पक्के असतात ते. मी बाहेर आलो, पण उभा राहिलो तो इंग्रजी साताच्या आकड्यासारखा, कमरेत वाकून.

"मुठी उघडा."

उघडत नव्हत्या. तिने एकेक बोट सुटं केलं. एका मुठीतून आकडा निघाला. बायकोने तो पुसला आणि केसांत लावला.

"भिंत किती लांब होती?" मी जमिनीकडे बघत विचारलं. दुसरीकडे बघता येत नव्हतं.

"बघू नका," मुलगी म्हणाली. "चला."

मी बघितलं नाही. बायकोने जाऊन चाकांच्या खुणा बघितल्या. परत आली, पिशवी उचलली आणि मागच्या सीटवर बसली. अजून सांगत नाही, आणि मीही विचारत नाही.